एक लांब, दोन आखूड

अण्णांचं पहिलं दर्शन मला जिन्यात झालं, आणि तेही ते सायकलवर असताना.

मी राजाजीनगरमध्ये भाड्याची खोली बघायला गेले होते. माझं ऑफिस सर्जापूर रोडला, म्हणजे बेंगळुरूच्या पार दुसऱ्या टोकाला. पण आठवड्यातून दोनच दिवस जायचं होतं, आणि घरमालक मराठी आहेत हे कळताच आईनं पुण्याहून फोनवर निकाल देऊन टाकला होता. जिन्याच्या चार पायऱ्या चढले असेन, तोच वरून धडधड ऐकू आली. डोक्यावर हेल्मेट, अंगात वर्कशॉपचा निळा शर्ट, खिशात व्हर्निअर कॅलिपर आणि गळ्यात स्टीलची शिट्टी अशा थाटात साठीचे एक गृहस्थ सायकलवर बसून पायऱ्या उतरत माझ्याच दिशेनं येत होते. मी पालीसारखी भिंतीला चिकटले. ते खाली अंगणात पोचले, वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भिऊ नका. नवीन ब्रेक बसवलाय, स्वल्प तपासत होतो. खोली वर आहे, बघून या की."

खोली मी बघितलीही नाही. हो म्हणून टाकलं.

अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं. कुणाबरोबर आणि कशासाठी, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही मोठ्यानं मांडली जात. त्यांचं मराठी कानडीच्या शेजारात चांगलं मुरलेलं. मी त्यांना पुण्याच्या सवयीनं 'काका' म्हटलं तर म्हणाले, "काका कशाला? अण्णा म्हणा. काका म्हटलं की कुणी वर्गणी मागायला आल्यासारखं वाटतं." शहरातल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं दोन लेथचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे ते आठवडाभर कुठल्या कुठल्या पंपांचे सुटे भाग बनवत आणि उरलेल्या वेळात सायकलींचे. त्यांच्या आणि मुलीच्या अशा दोन डोंगरी सायकली बैठकीच्या भिंतीवर टांगलेल्या असत. टीव्ही सायकलींच्या खाली, जमिनीवर, शिक्षा झाल्यासारखा ठेवलेला.

खिशातलं कॅलिपर हा त्यांचा अवयवच होता. त्यांची बायको, जिला मी अक्का म्हणायची, डोसा वाढायची आणि अण्णा आधी त्याची जाडी मोजायचे. एकदा मी मोठ्या हौसेनं पोळ्या करून खाली नेल्या. त्यांनी एक मोजली आणि विचारलं, "पुण्यात सगळ्यांच्याच एवढ्या जाड होतात, की तुमच्या घरी खास?" मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी वर येऊन माझ्या गॅसच्या शेगडीचे पाय सरळ केले आणि म्हणाले, "दोष तुमचा नव्हता. शेगडी तिरकी होती." अण्णांची माफी मागायची हीच पद्धत.

मुलगी एका शाळेत गणित शिकवायची. वय सव्वीस, पण अण्णा तिला 'पुट्टी' म्हणत. कानडीत छोट्या पोरीला म्हणतात तसं. दर रविवारी उजाडता उजाडता बाप-लेक जुन्या व्हॅनच्या टपावर सायकली बांधून तुमकूर रोडनं एका टेकडीवर जात. टेकडीचं नाव मी सांगणार नाही. अण्णांची सक्त ताकीद आहे. त्यांच्या मते, नाव फुटलं की पुढच्या रविवारी सर्जापूर रोडची सगळी हौशी सायकलवाली मंडळी पोपटी कपडे घालून तिथे हजर होतील आणि उताराची वाट लावतील. मी स्वतः सायकल चालवत नाही. मी जायची ते परतीच्या वाटेवरच्या तट्टे इडलीसाठी. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. तिचा व्यास अण्णा दर वेळी मोजत आणि हॉटेलवाल्याला सांगत, "मागच्या वेळेपेक्षा दोन मिलिमीटर कमी." हॉटेलवाला म्हणे, "सरी अण्णा," म्हणजे बरं, आणि आम्हाला एक इडली जास्त देई.

आता त्यांचे दोन नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांवरच आहे.

पहिला नियम तपासणीचा. अण्णांनी लेथवर बनवलेला कोणताही भाग, पेडल असो, ब्रेकची पट्टी असो की साधा बोल्ट, आधी त्यांच्या स्वतःच्या सायकलला लागे. तिथे तो वर्षभर घासायचा, आपटायचा, चिखल खायचा. वर्षभरात मोडला नाही तर मग मुलीच्या सायकलला. त्यामुळे अण्णांची सायकल कायम नवी कोरी, आणि पुट्टीची जुन्या बाजारातून उचलून आणल्यासारखी. गल्लीतल्या बायका अक्काला हळूच विचारत, "यजमान स्वतःला नवं घेतात आणि पोरीला उतरलेलं देतात, असं का हो?" एकदा एका स्पर्धेत दुसऱ्या खेळाडूंनी तिची सायकल बघून तोंडावर हात ठेवले. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "नवीन म्हणजे न तपासलेलं. त्यांच्या बापांना कळत नाही, त्याला तू काय करणार?" मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. न तपासता माल पुढे ढकलणाऱ्यांशी भांडण्यात माझं आयुष्य चाललंय. त्या दिवसापासून मी अण्णांची भक्त झाले.

दुसरा नियम शिट्टीचा. टेकडीवरून खाली येणारी वाट सुरुवातीला सरळ आहे, मग एकदम वळते आणि मोठाल्या दगडांतून खाली घसरते. वरून खालचं काहीच दिसत नाही. तर नियम असा, की अण्णा आधी उतरणार, पुट्टी वर थांबणार. खाली पोचले की ते शिट्टी वाजवणार. एक लांब म्हणजे वाट ठीक आहे, ये. दोन आखूड म्हणजे थांब. तीन म्हणजे मी पडलोय, तू निधान ये, म्हणजे सावकाश. शिट्टी त्यांनीच स्टीलच्या कांबीतून कातलेली, वजनाला चांगली जड, आणि आवाज असा की पलीकडच्या नारळाच्या बागेतली कुत्री उत्तर द्यायची.

हा नियम कशावरून आला ते मला अक्कानं सांगितलं. पुट्टी सात वर्षांची असताना अण्णा तिला त्याच टेकडीच्या पायथ्याशी शिकवत होते. ती पुढे, ते मागे. पावसानं वाटेत गुंडी पडली होती, म्हणजे खड्डा. ती त्यात गेली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं. अण्णांचं काही जुळलं नाही. "मागून नुसतं बघता येतं," एवढंच ते म्हणाले, आणि तेव्हापासून कुठल्याही उतारावर ते पुढे.

मी राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी अण्णा कॅलिपर माझ्या हातात देऊन म्हणायला लागले, "वाचा की, चष्मा आत राहिलाय." चष्मा नाकावरच असायचा. मग एकदा ते व्हॅन आत घेताना फाटकाला घासून आले आणि फाटकाची रुंदी मोजत बसले. पुट्टीनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन साधं होतं, पण दोन्ही डोळे होऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत सायकल बंद.

"मग नंतर बघू," अण्णा म्हणाले.

नंतर का, तर पुट्टीची राज्य पातळीची स्पर्धा तीन महिन्यांवर आली होती. सराव थांबवून चालणार नव्हतं, आणि अण्णा पुढे गेल्याशिवाय सराव होणार नव्हता. डोळे करायचे तर ती एकटी उतरणार. ते त्यांना मान्य नव्हतं. तिनं समजावलं, अक्का रागावली, मीही पुण्याचा सगळा तर्क पणाला लावला. अण्णांचं एकच, "साकु. विषय संपला." साकु म्हणजे पुरे. त्या घरात साकु म्हटल्यावर देवसुद्धा पुढे बोलत नसावा.

त्या शनिवारी संध्याकाळी पुट्टी वर माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "तुम्हाला वेळ आहे काय? टेकडीवर जायचंय. अप्पांना सांगायचं नाही." अण्णांना ती अप्पा म्हणायची.

तिच्या पिशवीत रांगोळी होती. अक्काच्या डब्यातली, पांढरी शुभ्र. शाळेतले खडू तिनं आधी वापरून बघितले होते, ते दगडावर उमटत नव्हते. आम्ही वाटेवरून वरून खाली चालत आलो. जिथे चाक घालायचं नाही तिथल्या दगडावर ती रांगोळीची जाड रेघ ओढायची, जिथून सुरक्षित जाता येतं तिथे दोन्ही बाजूंना ठिपके. अक्का दारात काढते तसेच, एका अंतरावर, सरळ रांगेत. उतार संपेपर्यंत माझी कंबर कामातून गेली. "त्यांना अंधूक दिसतं, पण पांढरं दिसतं," ती म्हणाली. "मी विचारलं डॉक्टरांना."

"अगं, पण ते पडले तर?"

"म्हणून तर काढतेय ना." मग पिशवीची गाठ मारत म्हणाली, "पुढं जाऊ नका म्हटलं तर ते टेकडीवर यायचेच नाहीत. घरी बसतील. मला ते घरी बसलेले बघवणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी अण्णा उतरले, दगड चुकवत, ठिपक्यांमधून, दोरीवर चालल्यासारखे. एक लांब शिट्टी. इडली खाताना ते फार खूश होते. "बघितलंस? डॉक्टर म्हणे पिकलाय. मला एकेक दगड दिसत होता."

असं आठ शनिवार चाललं. आठही रविवार एक लांब शिट्टी. रांगोळीचा डबा भराभर रिकामा व्हायला लागला, पण अक्कानं कधी विचारलं नाही. फक्त डब्याशेजारी दोन किलोचं नवं पुडकं येऊन बसलं. मी मनात म्हटलं, अक्काचं लक्ष नाही. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाचं असंच होतं.

खरं तर मला शंका यायला हवी होती. पोळीच्या जाडीवर बोलणारा, इडलीचे दोन मिलिमीटर न सोडणारा माणूस, टेकडीवरच्या पन्नास दगडांवर पांढऱ्या रेघा दिसल्या तरी त्यावर एक शब्द बोलत नाही. एकदा फक्त ते इडली मोडता मोडता, कुणाकडेच न बघता म्हणाले होते, "मार्किंग करताना हात थरथरला नाही पाहिजे." पुट्टीनं सांबार मागवलं, मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. पगार घेणारी टेस्टर मी, आणि एवढी मोठी चूक माझ्या नजरेतून सुटली.

नवव्या शनिवारी आम्ही रांगोळी घालून परतलो आणि रात्री पाऊस आला. बेंगळुरूचा पाऊस, सांगून न येणारा, तासाभरात सगळं धुऊन मोकळा. सकाळी मी खाली आले तर पुट्टी व्हॅनजवळ उभी होती. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. "आज नको जायला," ती अण्णांना म्हणाली. "वाट ओली असेल."

"स्पर्धेच्या दिवशी ओली असली तर? चला."

वर पोचलो तेव्हा सगळे दगड एका रंगाचे झाले होते. धुतलेले, करडे. एक ठिपका शिल्लक नव्हता. अण्णांनी हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले, सायकल कडेला नेली आणि थांबले. बराच वेळ खाली बघत राहिले. मग मागे न वळता म्हणाले, "आज मार्किंग नाही."

पुट्टीनं माझ्याकडे बघितलं.

"रांगोळी पावसात टिकत नाही, पुट्टी. ऑइल पेंट घ्यायचा. मला विचारलं असतंस तर वर्कशॉपमधून आणून दिला असता."

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"अडतीस वर्षं मार्किंग बघून लोखंड कापतोय. माझ्याच वाटेवर कुणी मार्किंग केलं तर कळणार नाही?" ते वळले. "पहिल्याच रविवारी कळलं. तुझ्या अम्मालाही सांगितलं, रांगोळी जास्त आणून ठेव म्हणून."

मी तिथल्याच एका दगडावर बसले. मला हसू येत होतं, पण पुट्टीचा चेहरा बघून आवरलं.

"मग बोलला का नाहीत?" ती म्हणाली.

"तू एवढी वाकून वाकून दगड रंगवलेस. मला वाटलं, तुला मी पुढं गेलेला पाहिजे आहे."

"मला नको होतं अप्पा. कधीच नको होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं मी." वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी ती बाई बाही डोळ्यांना लावून उभी राहिली. "आज पुढं जाऊ नका. मार्किंग नाही, तुम्हाला दिसत नाही. पडाल. मला तीन शिट्ट्या ऐकायच्या नाहीत."

अण्णांनी सायकल आणखी वीतभर पुढे सरकवली. मला वाटलं, हा माणूस आता जाणार. साकु म्हणणार आणि जाणार. मी उठून हँडल धरायच्या बेतात होते. पण ते थांबले, ओल्या दगडांकडे डोळे बारीक करून बघत राहिले, आणि मग त्यांनी स्टँड लावला. गळ्यातली शिट्टी काढली. दोरी हेल्मेटमध्ये अडकली, ती सोडवायला त्यांना वेळ लागला. आम्ही कुणी मदत केली नाही. शिट्टी शर्टाला पुसून त्यांनी पुट्टीच्या गळ्यात घातली.

"डावीकडच्या मोठ्या दगडाजवळ ब्रेक धरू नकोस," ते म्हणाले. "ओलं आहे."

"माहीत आहे."

"निधान."

"हो अप्पा."

ती गेली. वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. चाकाखाली दगड सरकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. वाऱ्याखेरीज काही नाही. अण्णा कडेला उभे, मान थोडी तिरकी करून, कान खालच्या दिशेनं. एक हात सारखा गळ्याशी जाई आणि तिथे शिट्टी नाही म्हणून परत येई.

"किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइल बघितला. "चाळीस सेकंद."

"शक्य नाही. नीट बघा."

"पंचेचाळीस."

त्यांनी कॅलिपर काढलं, उघडलं, मिटलं, खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावेत, किंवा सेकंद मोजत असावेत. मीही मोबाइलवर सेकंद बघत बसले होते, आणि ती तर माझी मुलगीही नव्हती.

मग शिट्टी वाजली. एक. संपल्यावर आम्ही दोघंही थांबून राहिलो, दुसरी येते का ऐकत. आली नाही. पलीकडच्या बागेत कुत्री भुंकायला लागली.

अण्णा मटकन खाली बसले, चिखलातच. बसूनच हेल्मेट काढलं आणि केसांतून हात फिरवला. मग आम्ही सायकल हातानं धरून, पायी, एकेक दगड चाचपत खाली आलो. वीस वर्षांत त्या वाटेवर ते पहिल्यांदाच चालत उतरले असतील. पुट्टी खाली दगडावर बसून बुटांतला चिखल काढत होती.

"दर रविवारी," अण्णा तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "तू वर एवढा वेळ थांबायचीस?"

"हो की."

"लहान होतीस तेव्हापासून?"

"हो."

"भीती वाटायची?"

"दर वेळी," पुट्टी म्हणाली.

 अण्णा शेजारी बसले आणि तिच्या दुसऱ्या बुटातला चिखल काढायला लागले. काठी सापडेना तेव्हा कॅलिपरनं काढला. मी त्या घरात तीन वर्षं राहिले, पण कॅलिपरला असली वागणूक मिळालेली तेवढी एकदाच बघितली. थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या डॉक्टरला फोन लाव. पहिला डोळा या आठवड्यात होतो काय विचार."

पुट्टीनं मान डोलावली. मग तिनं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली.

अण्णांनी शिट्टी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, दोन्ही बाजूंनी बघितली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा ते वर्ष पुरं झालेल्या प्रत्येक भागावरून फिरवत. मग ती परत तिच्या गळ्यात घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "वीस वर्षं वापरून बघितलीय मी. आता तुला चालेल."